फॉरमॅट मारण्याआधी...

आपल्या होस्टेलमध्ये कॉम्प्युटरच्या सगळ्या रोगांवर एकच रामबाण औषध आहे. पीसी हळू चालतो? फॉरमॅट मार! व्हायरस आला? फॉरमॅट मार! विंडोज अपग्रेड करताना मध्येच अडकलं? अरे, विचारतोस काय, फॉरमॅट मार! मीसुद्धा दोन वर्षं हेच सांगत होतो, आणि सांगताना आपण फार मोठे इंजिनिअर आहोत असं वाटायचं. पण २०२५ च्या दिवाळीत कडावला मामांच्या दुकानात जे झालं, त्यानंतर हे दोन शब्द तोंडातून काढताना मी दहादा विचार करतो. तो अनुभव आणि त्यातून शिकलेला धडा, दोन्ही इथे मांडतोय. सबमिशनच्या आदल्या रात्री कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

कडाव म्हणजे कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. बाल दिगंबर गणेशाचं मंदिर असलेलं कडाव म्हटलं की तालुक्यातल्या कुणालाही पटकन कळतं. तिथे माझ्या मामांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बचत गटाचे ठराव, शाळेच्या पोरांचे फॉर्म... आसपासच्या वाड्या-पाड्यांतलं सगळं मराठी टायपिंग याच एका मशीनवर. मशीन २०१९ सालचं, आठव्या पिढीचा आय-थ्री, विंडोज १० चं. पण आतल्या फाईली २०११ पासूनच्या!

आता विंडोज १० बद्दल थोडं. ते आलं २९ जुलै २०१५ ला, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वेगळी मुदतवाढ तेव्हा जाहीर झाली होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडतं असं नाही, पण नवी भोकं बुजवणारं कोणी राहत नाही. गणपतीत कडावला गेलो होतो तेव्हा मीच मोठ्या थाटात मामांना हे समजावलं, बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू करून दिलं आणि वर म्हणालो, “मामा, आता मशीन तयार आहे. कधीही बटण दाबा, अपग्रेड होऊन जाईल.”

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

वसुबारसेची रात्र

१७ ऑक्टोबर, वसुबारस. मी होस्टेलवर बॅग भरत होतो, तेवढ्यात मामांचा फोन. आवाज पडलेला.

“अरे, तू सांगितलंस तसं बटण दाबलं. अर्ध्यावर आलं नि लाईट गेली. तासाभराने आली, तर नुसता काळा पडदा नि गोल गोल फिरतंय. दोन-तीनदा बंद-चालू केलं, तर आता निळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारतंय.”

“मामा, यूपीएस होता ना?”

“यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली रे. आता नुसती शिटी मारतो.”

शेजारचा एक मुलगा येऊन बघून गेला होता. त्याचं निदान ठरलेलं – विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल, पाचशे रुपये, डेटा राहील की नाही सांगता येत नाही. मामांकडे तीन लग्नपत्रिकांच्या ऑर्डर होत्या. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, लोकांनी ॲडव्हान्स दिलेला, आणि चालू काम सगळं डेस्कटॉपवर.

“बॅकअप आहे ना?” मी विचारलं.

“आहे की! डी ड्राइव्हला आहे.”

म्हणजे त्याच मशीनच्या पोटात! एक जुना पेनड्राइव्हही होता म्हणे, २०१८ सालचा. मी एवढंच सांगितलं, “मामा, मशीनचा प्लग काढून ठेवा. मी येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका.” आणि रात्री रूम-पार्टनरचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह मागून त्यावर उबुंटूची बूट होणारी इमेज टाकली. त्या रात्री झोप काही लागली नाही. मशीन मामांचं असलं तरी “तयार आहे” हे सर्टिफिकेट मी दिलं होतं.

पहिली पायरी : दुरुस्ती नाही, कॉपी

धनत्रयोदशीला दुपारी कर्जतला उतरून टमटमने कडाव गाठलं. मामी म्हणाल्या, “गणपतीला नारळ बोललेय मी.” म्हटलं बोला, त्याची गरज लागणार आहे.

इथे पहिला धडा. अपग्रेड फसल्यावर आपला हात आधी दुरुस्तीकडे जातो. स्टार्टअप रिपेअर, चेकडिस्क, जे दिसेल ते बटण. पण यातली बरीचशी साधनं डिस्कवर लिहितात. चेकडिस्कला दुरुस्तीचा हुकूम दिला की ते फाईलींच्या नोंदी बदलतं. डिस्क आतून आजारी असेल तर त्या ताणाने उरलंसुरलंही जाऊ शकतं. म्हणून आधी फाईली बाहेर काढायच्या, मग बाकीचं.

पेनड्राइव्हवरून उबुंटू ‘ट्राय’ या पर्यायाने चालू केलं. ‘इन्स्टॉल’ नव्हे हां, घाईत तिथे चूक झाली तर दुसरंच संकट! या पद्धतीत उबुंटू पेनड्राइव्ह आणि रॅमवरच चालतं, हार्डडिस्कवर काही टाकत नाही. फाईल मॅनेजरमध्ये सी आणि डी दोन्ही दिसले. विंडोज अर्धवट बंद पडलं असेल तर उबुंटू तो ड्राइव्ह कधी कधी फक्त वाचण्यापुरताच उघडतं. घाबरू नका, आपल्याला वाचायचंच आहे. ड्राइव्ह दिसलाच नाही तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ मोडमध्ये आहे का ते बघायचं.

एकूण डेटा १९० जीबी निघाला. समोरचा यूएसबी पोर्ट जुना २.० चा, सेकंदाला साधारण ३० एमबी, म्हणजे पावणेदोन तास. मामा स्टुलावर बसून ती हिरवी पट्टी बघत होते. मध्येच म्हणाले, “यात अकरा-बारा वर्षांची लग्नं आहेत रे गावाची.” मी काही बोललो नाही.

फाईलींबरोबर मी आणखी एक फोल्डर उचललं – विंडोजच्या आतलं ‘फाँट्स’. ते का, हे पुढे सांगतो. सगळ्या लेखात याच एका गोष्टीसाठी मी स्वतःची पाठ थोपटून घेईन.

अपग्रेड म्हणजे आत नेमकं होतं काय?

कॉपी चालू असताना वेळ होता, म्हणून मामांना जे समजावलं तेच इथे लिहितो. विंडोजचं अपग्रेड चार टप्प्यांत होतं.

१) डाउनलेव्हल – जुनं विंडोज चालूच असतं. नव्या फाईली उतरतात, मशीन पात्र आहे का ते तपासलं जातं. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. इथे काही बिघडलं तर फारसं नुकसान नाही, जुनं घर जसंच्या तसं उभं असतं.

२) सेफ ओएस – मशीन रिस्टार्ट होऊन एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये जातं. जुनं विंडोज बाजूला ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाने ठेवलं जातं आणि नव्याची मांडणी होते. मामांची लाईट गेली ती याच टप्प्यात.

३) फर्स्ट बूट – नवं विंडोज पहिल्यांदा डोळे उघडतं आणि मशीनमधल्या प्रत्येक भागाशी ओळख करून घेतं. ड्रायव्हरचा गोंधळ बहुधा इथेच उघडा पडतो.

४) सेकंड बूट – वापरणाऱ्याची सेटिंग, अकाउंट, उरलेलं सामान नव्या घरात लावलं जातं.

कुठल्याही टप्प्यावर गाडी अडली तर सेटअपने जुन्याकडे परत जाण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. त्याला रोलबॅक म्हणतात. म्हणजे अपग्रेड फसलं याचा अर्थ विंडोज ‘उडालं’ असा नसतो. बऱ्याचदा ते अर्ध्या वाटेवर उभं राहून तुमच्या हुकुमाची वाट बघत असतं!

कॉपी झाली, चार जुन्या फाईली उघडून खात्री केली (हे विसरू नका, न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे) आणि मग त्या निळ्या पडद्याकडे वळलो. त्यावर ‘दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरा’ अशा अर्थाचा एक पर्याय होता. त्यात ‘विंडोज सेटअप’ आणि ‘विंडोज रोलबॅक’ अशी दोन नावं. मी रोलबॅक निवडलं. चाळीस मिनिटं गोल गोल फिरत राहिलं. आणि मग काय, विंडोज १० चा पासवर्ड विचारणारा पडदा! मामांनी स्वतः पासवर्ड टाकला. डेस्कटॉपवर तिन्ही पत्रिका जागच्या जागी. मामींनी लगेच नारळ बाजूला काढून ठेवला.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता अपग्रेड पूर्ण करूनच जायचं. कारण तर कळलंच होतं – लाईट गेली. शेजारून इन्व्हर्टरची लाईन घेतली, प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, सगळ्या यूएसबी वस्तू काढल्या आणि बटण दाबलं. दोन तासांहून जास्त वेळ गेला. पहिला रिस्टार्ट झाला, दुसरा झाला, आणि पडद्यावर आलं – केलेले बदल मागे घेत आहोत. परत विंडोज १०, आणि एक एरर कोड.

लाईट गेली नव्हती. मग फसलं कशाने?

मामा म्हणाले, “जाऊ दे रे, त्या पोराला बोलावतो, फॉरमॅट मारू. डेटा तर निघालाय.” आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच वाटलं. नवीन कोरं विंडोज ११ अर्ध्या तासात टाकता आलं असतं. पण एक गोष्ट खटकत होती. पहिल्या वेळी लाईट गेली नसती तरी हे अपग्रेड फसलंच असतं! डोळ्यांसमोर एक कारण दिसलं म्हणून मी दुसरं शोधलंच नाही. लॅबमध्ये सर्किट चाललं नाही की सर काय म्हणतात? आधी मल्टिमीटर लाव, मग कॉम्पोनंट बदल. मी मल्टिमीटर न लावताच बदलायला निघालो होतो.

कोड वाचायला शिका

एरर कोड बघून आपण घाबरतो, पण तो आपल्या पीआरएन नंबरसारखाच असतो. तुकडे पाडले की अर्थ लागतो. मामांच्या मशीनवर आलेला कोड (सुरुवातीचं ‘शून्य-एक्स’ सोडून) असा होता : सी१९००१०१ – ३००१८.

पहिला भाग फसण्याचा प्रकार सांगतो. सी१९००१०१ म्हणजे सेटअपला माघार घ्यावी लागली, आणि बहुतेक वेळा त्यामागे एखादा ड्रायव्हर असतो. दुसरा भाग जागा सांगतो. त्यातला पहिला अंक म्हणजे टप्पा : १ डाउनलेव्हल, २ सेफ ओएस, ३ फर्स्ट बूट, ४ सेकंड बूट. शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या टप्प्यात चालू असलेलं काम. १७ म्हणजे बूट होणं, १८ म्हणजे सिसप्रेप, अर्थात नव्या विंडोजला या विशिष्ट मशीनशी जुळवून घेणं. ‘डी’ म्हणजे डेटा नव्या घरात हलवणं. तर ३००१८ चा अर्थ झाला : तिसऱ्या टप्प्यात, नवं विंडोज मशीनशी ओळख करून घेत असताना, बहुधा कुठल्या तरी ड्रायव्हरने पाय अडकवला.

नेहमी भेटणारे आणखी काही कोड वहीत लिहून ठेवा. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. सी१९००२०० म्हणजे मशीन किमान अटींत बसत नाही. सी१९००२०८ म्हणजे एखादं न जुळणारं सॉफ्टवेअर वाट अडवतंय.

कोडवरून गल्ली कळते. घर नंबर कळायला लॉग वाचावा लागतो. सी ड्राइव्हमध्ये डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं आणि ‘बीटी’ने संपणारं एक लपवलेलं फोल्डर असतं. त्यात ‘सोर्सेस’, त्यात ‘पँथर’. तिथे सेटअपने केलेल्या प्रत्येक कामाची रोजनिशी असते – एक लॉग सगळ्या कामांचा आणि एक छोटा, फक्त चुकांचा. रोलबॅक झाला असेल तर ‘सोर्सेस’मध्येच ‘रोलबॅक’ नावाचं फोल्डरही बघायचं. मोठा लॉग हजारो ओळींचा असतो. तो शेवटापासून वर वाचत यायचा, म्हणजे पडण्याआधीचं शेवटचं पाऊल सापडतं. आणि हेही नको असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘सेटअप-डायग’ नावाचं साधन आहे. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ते सेटअपबरोबरच येतं आणि लॉग वाचून आपलं निदान विंडोजच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये लिहून ठेवतं.

म्हणजे बघा, मशीन आपण कुठे आणि कशाला अडखळलो ते सगळं लिहून ठेवत होतं. वाचणारा कोणी नव्हता एवढंच! आणि फॉरमॅट मारलं असतं तर डेटाच्या आधी ही रोजनिशीच पुसली गेली असती.

चोर सापडला

निदानात एका ड्रायव्हर पॅकेजचं नाव होतं. तारीख बघितली – २०१२! मामांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखी कुलपाची किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. त्या किल्लीचा हा ड्रायव्हर. मशीन २०१९ ला नवं घेतलं तेव्हा जुन्या सीडीवरून तोच परत टाकलेला. दुसऱ्या प्रयत्नाआधी मी डोंगल उपटून बाजूला ठेवलं होतं, पण वस्तू काढली म्हणून ड्रायव्हर जात नाही. तो आत बसूनच असतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं. डोंगल फिकट अक्षरांत दिसलं. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाका या चौकोनात खूण केली. पण त्याआधी एक काम केलं. डोंगल बनवणाऱ्यांच्या साइटवर विंडोज ११ साठीचा नवा ड्रायव्हर आहे का ते बघितलं. होता! तो पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला. नाहीतर अपग्रेड यशस्वी आणि धंदा बंद, अशी गत झाली असती.

मित्राने फोनवर सल्ला दिला, अँटिव्हायरस पण काढ, रॅम पण बदलून बघ, बायोस पण अपडेट मार. मी नाही केलं. एका वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि जमलं, तर कशाने जमलं ते कधीच कळत नाही. आणि नाही जमलं तर नवा बिघाड जुना की आपणच केलेला, तेही कळत नाही. फक्त ड्रायव्हर काढला. यूपीएससाठी कर्जतहून १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी आणून टाकली. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ, फराळ, आणि दहा वाजता तिसऱ्यांदा बटण दाबलं. साडेबाराला विंडोज ११!

फाँटची गोष्ट

आता ते ‘फाँट्स’ फोल्डर. समजा, मामांनी पहिल्याच रात्री फॉरमॅट मारून घेतलं असतं आणि नशिबाने डी ड्राइव्ह वाचला असता. सगळ्या पत्रिका हाती लागल्या असत्या, पण एकही वाचता आली नसती!

कारण असं की युनिकोड रुळायच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये फाईलच्या आत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे साठवलेले असतात, आणि फाँट त्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फाँट नसेल तर ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे दुसरा मराठी फाँट लावूनही उपयोग नाही. हे फाँट राहतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या पोटात. फॉरमॅटने पहिला बळी त्यांचाच जातो.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे. क म्हणजे ०९१५, जगातल्या कुठल्याही मशीनवर. विंडोजमध्ये देवनागरीचा असा आधार विंडोज २००० पासून आहे आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डही सोबतच येतो. तरीही आपल्याकडे डीटीपीच्या दुकानांत जुने फाँट कित्येक वर्षं चालत राहिले. हातांना सवय तीच, आणि जुन्या फाईलीही त्याच. मामांनाही एका दिवसात सगळं बदला म्हणणं सोपं नाही. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. जुने फाँट जपून दोन ठिकाणी ठेवले, महत्त्वाच्या जुन्या फाईलींच्या पीडीएफ काढायला घेतल्या, आणि बचत गटाचं नवं लिखाण युनिकोडमध्ये सुरू केलं.

अपग्रेडनंतर पहिली परीक्षा विंडोजची नव्हती. मामांनी २०१३ मधली एक लग्नपत्रिका उघडली. नवा ड्रायव्हर टाकून डोंगल लावलं, तारीख बदलून बघितली, प्रिंट काढली. अक्षर न् अक्षर जागेवर. मामांनी तो कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “हां. आता झालं.”

मोठं उदाहरण

हे फक्त कडावच्या दुकानापुरतं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड नव्हतं, पण उपाय पाहण्यासारखा आहे. मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि त्या अपडेटची एक विशिष्ट फाईल पुसायची, बस्स! तिथे सगळ्यांनी ‘फॉरमॅट मार’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, विचार करा. मात्र ज्या मशीनवर बिटलॉकर होतं तिथे ४८ आकडी रिकव्हरी की लागत होती, आणि ती शोधताना अनेकांची दमछाक झाली.

आपल्या होस्टेलसाठी

लॅब मॅन्युअलच्या भाषेत सांगायचं तर कृती अशी :

अपग्रेडच्या आधी –
१) बॅकअप दुसऱ्या वस्तूवर घ्या. त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप धरू नका. त्यातल्या दोन-चार फाईली उघडून बघा.
२) बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. अलीकडच्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती नसेल तर उबुंटूचा पेनड्राइव्हही काही वाचवू शकणार नाही.
३) सी ड्राइव्हवर भरपूर जागा ठेवा. नको ती यूएसबी उपकरणं काढा.
४) डोंगल, जुने प्रिंटर, जुने प्रोग्रॅमर किट यांचे नवे ड्रायव्हर मिळतात का ते आधी शोधा. आपल्या लॅबमध्येही असं बरंच सामान आहे, त्यामुळे सर-मॅडमनाही नम्र विनंती.
५) चार्जर किंवा चालू यूपीएस हवाच. आणि सबमिशनच्या आठवड्यात अपग्रेड नकोच!

फसल्यावर –
१) थांबा. बटणं दाबत बसू नका.
२) डेटा बाहेर काढा.
३) रोलबॅक होतंय का बघा.
४) कोडचे तुकडे पाडा, लॉग शेवटापासून वाचा.
५) एका वेळी एकच बदल करा आणि काय केलं ते लिहा.

यशस्वी झाल्यावरही ‘विंडोज डॉट ओल्ड’ लगेच पुसू नका. नव्यात काही जमलं नाही तर साधारण दहा दिवस जुन्याकडे परत जाता येतं. ‘डिस्म’च्या आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती दहा दिवस संपण्याआधीच वाढवावी लागते.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. उबुंटूचं अपग्रेड मध्येच तुटलं की अर्धी पॅकेजं जुनी आणि अर्धी नवी अशी अवस्था होते. तिथेही तेच तत्त्व लागू. अर्धवट राहिलेली पॅकेजं ‘डीपीकेजी’ला पूर्ण करायला सांगायची, आणि ‘व्हार’च्या ‘लॉग’मधलं ‘डिस्ट-अपग्रेड’ फोल्डर वाचायचं.

मग फॉरमॅट कधीच मारू नये का? मारावं की! डिस्क बदलली, व्हायरसने सगळं पोखरलं, किंवा कारण सापडूनही उपाय नाही असं दिसलं, तर मारावं. पण डेटा आणि फाँट हातात घेऊन, लॉग वाचून झाल्यावर. शेवटचा उपाय म्हणून. आपण तो पहिला उपाय करतो, इतकंच चुकतं.

मामांच्या तिन्ही पत्रिका पाडव्याच्या संध्याकाळी छापून गेल्या. भाऊबीजेला निघताना त्यांनी एक कोरी हार्डडिस्क दाखवली, नवीच घेतलेली. त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं – ‘दर शनिवारी’. आणि मला म्हणाले, “पुढच्या वेळी ‘मशीन तयार आहे’ म्हणण्याआधी नीट बघत जा.”

बघतो. आणि उबुंटूचा तो पेनड्राइव्ह आता माझ्याच रूमवर असतो. (रूम-पार्टनरला नवा घेऊन दिला.) लागला तर रात्री कितीही वाजता दार वाजवा, घेऊन जा. फक्त परत आणून द्या!